तीन पानांचा हिशेब

आमच्या घरी दिवाळीला लक्ष्मीपूजन होत नाही. आमच्या वडिलांनी ते कधीच बंद केले. पण सुट्टी सगळ्यांनाच असते, बोनस झालेला असतो, मुलांच्या शाळा बंद असतात, त्यामुळे पाहुणेमंडळी येतात ती त्याच दिवसांत. दहा बाय बाराच्या खोलीत चौदा-पंधरा माणसे मावतात. कशी मावतात ते चाळीत दिवस काढलेल्या वाचकांना सांगायला नको. जेवणे उरकली, भांडी घासून झाली, लहान मुले माळ्यावर झोपली की कोणीतरी चटई अंथरतो आणि पत्त्यांचा कॅट बाहेर निघतो. आधी मेंढीकोट, मग पाच-तीन-दोन, आणि अकरा वाजून गेले की तीन पत्ती.

वर्षानुवर्षे हे असेच चालले. रुपया-दोन रुपयांचा खेळ, सकाळी जिंकणाऱ्याने सगळ्यांना पाव आणि खारी आणायची, संपला विषय. गेल्या दिवाळीत मात्र तो संपला नाही.

त्याचे असे झाले. आम्ही सहाजण बसलो होतो. आमचे दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, कंत्राटी कामगार आहेत. त्यांच्या हातात त्याच दिवशी बोनसचे सात हजार आले होते. समोर आमचा धाकटा चुलतभाऊ. त्याला चांगली नोकरी, लग्न व्हायचे आहे, खिसा कायम भरलेला. बारा वाजता एक रुपयाची चाल पाचची झाली, एक वाजता वीसची. बायका म्हणाल्या, आता पुरे करा. कोणी ऐकले नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हीही ऐकले नाही. दोनच्या सुमारास दाजींच्या हातात दोन एक्के आले. चार गडी पॅक झाले, हे दोघे उरले. चालीवर चाल पडत गेली. शेवटी दाजींनी शो मागितला. चुलतभावाने बदामाची तीन पाने टाकली. कलर, तोही फार मोठा नाही. त्या एका डावात दाजींचे अठराशे गेले. रात्रभराचे मिळून चार हजार दोनशे.

सकाळी चहा न घेताच आक्का मुलांना घेऊन निघाली. त्या पैशांतून आमच्या भाचीच्या अकरावीच्या क्लासची फी भरायची होती, हे आम्हाला नंतर कळले. चुलतभाऊही काही दगडाचा नाही. त्याने ते चार हजार दोनशे तसेच आणून आईपुढे ठेवले. आईने दाजींना फोन केला. दाजी म्हणाले, "हरलेले पैसे परत घ्यायला मी काय लहान मूल आहे?" आणि फोन ठेवला. फी आक्काने बचत गटातून कर्ज काढून भरली. पैसे आईच्या स्टीलच्या डब्यात पडून राहिले.

आता या प्रकाराचा हिशेब कोणी मांडावा? त्या भाचीनेच मांडला. मे महिन्यात ती आमच्याकडे राहायला आली. अकरावीच्या गणितात निवडी मोजण्याचा एक धडा असतो, इतक्यांतून इतके किती प्रकारे निवडता येतील, असा. एका दुपारी तिने पत्त्यांचा कॅट आणि वही घेतली आणि म्हणाली, "मामा, त्या रात्री पप्पांचं नशीब खराब होतं, असं सगळे म्हणतात. मला बघायचंय, किती खराब होतं ते." आम्ही आधी हसलो. संध्याकाळपर्यंत हसू थांबले. तिने जे मोजले तेच येथे देत आहोत. दिवाळी जवळ आली आहे आणि घरोघरी चटया अंथरल्या जाणार आहेत.

कॅटात ५२ पाने. पहिले पान ५२ पैकी कोणतेही, दुसरे ५१ पैकी, तिसरे ५० पैकी. यांचा गुणाकार १,३२,६००. पण हातात आलेली तीन पाने कोणत्या क्रमाने आली याला किंमत नसते आणि तीन पाने सहा क्रमांनी येऊ शकतात. म्हणून सहाने भागायचे. उत्तर २२,१००. तीन पत्तीत तुमच्या हातात येऊ शकणारे एकूण हात एवढेच, ना एक जास्त, ना एक कमी.

त्यांतले ट्रेल किती? दुर्रीपासून एक्क्यापर्यंत तेरा प्रकारची पाने, प्रत्येकाची चार. चारांतून तीन निवडायची म्हणजे चार तऱ्हा. तेरा गुणिले चार, ५२. म्हणजे ४२५ हातांमागे एक ट्रेल. एकाच रंगाची ओळीने तीन पाने, ज्याला प्युअर सिक्वेन्स म्हणतात, ते एक्का-दुर्री-तिर्री धरून ४८. साधी सिक्वेन्स ७२०. कलर १,०९६. जोड ३,७४४. उरले १६,४४०, आणि त्यांत काहीही नाही. नुसती पाने.

(येथे एक गंमत. प्युअर सिक्वेन्स ट्रेलपेक्षा चाराने कमी आहेत, म्हणजे जास्त दुर्मिळ, तरी नियमाने ट्रेल मोठी. नियम करणाऱ्याने मोजले नव्हते, असे भाचीचे मत पडले. आम्ही तिला म्हटले, बाई, पुष्कळ नियम असेच झालेले आहेत.)

१६,४४० हा आकडा नीट पाहा. शंभर हातांत सुमारे ७४ हात रिकामे येतात. चारांत तीन. जोड येते साधारण सहा हातांत एकदा, कलर वीस हातांत एकदा, सिक्वेन्स तीस-एकतीस हातांत एकदा. आमच्या सौ.चा यावर विश्वास बसेना. तेव्हा भाचीने आणि तिच्या भावाने चौघांसाठी पंचवीस डाव वाटले, शंभर हात, आणि वहीत रेघा मारत गेले. नुसती पाने ७१, जोड्या २०, कलर ५, सिक्वेन्स ४. ट्रेल एकही नाही. वाचकांनी घरी करून पाहावे. पैसे लागत नाहीत, फक्त पाने नीट पिसावी लागतात.

आता आपण चटईवर काय बोलतो ते आठवा. "मघापासून पानंच पडत नाहीत, आता पडणारच." कोणी जागा बदलतो. कोणी पाने उचलण्याआधी त्यांवर फुंकर मारतो. कोणी झोपलेल्या लहानग्याला उठवून त्याच्या हाताने कॅट कापायला लावतो, कारण म्हणे त्याचा हात चांगला. ज्या घरात नवस-सायास, गंडे-दोरे कधीच बाहेर फेकले गेले, त्या घरातली शहाणी माणसे पत्त्यांच्या चटईवर हे सगळे करतात. आम्हीही केले आहे. पानांना आठवण नसते. पिसली की मागचे सगळे पुसले. दहा हात रिकामे आले म्हणून अकरावा भरलेला येत नाही, त्याचीही रिकामा येण्याची शक्यता शंभरात चौऱ्याहत्तरच. आणि लागोपाठ दहा हातांत एक जोडसुद्धा न येणे यात कोणाची नजर लागलेली नसते. शंभरात पाच वेळा ते व्हायचेच. सहाजण रात्रभर खेळले तर कोणा ना कोणाच्या वाट्याला ते येते. ज्याच्या वाट्याला येते त्याला वाटते, आपल्यावरच कोपले. मग तो गेलेले वसूल करायला चाल वाढवतो. नुकसान तिथे होते, पानांत नाही.

ट्रेलचेही तसेच. सहाजणांनी एका रात्रीत साठ डाव खेळले म्हणजे ३६० हात झाले. एवढ्यांत कोणालातरी ट्रेल लागण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त, शंभरात सुमारे ५७. म्हणजे बहुतेक दिवाळ्यांना घरात कोणीतरी ट्रेल पाहतोच आणि त्याची गोष्ट पुढे दहा वर्षे सांगितली जाते. आमच्या आत्याच्या मुलाला एकदा तीन राजे लागले होते, ते आम्ही अजून ऐकतो. पण एकट्या माणसाला त्याच रात्रीत ट्रेल लागण्याची शक्यता शंभरात तेराच. आपण गोष्ट ऐकतो ती सहाजणांची आणि आशा धरतो ती एकट्याची.

दुसरी चूक आपण करतो ती गडी मोजण्यात. दोघेच खेळत असताना हातात एक्का आणि दोन किरकोळ पाने असतील तर हात वाईट नाही, कारण सगळे हात क्रमाने लावले तर बरोबर मधला हात राजावरच येतो. राजाखालचे सगळे हात मिळून शंभरात बेचाळीस. म्हणून एकास एक खेळताना राजा मोठा असलेला हात म्हणजे काठावरचा आणि एक्का काठापलीकडचा. पण चटईवर सहाजण आहेत. बाकीच्या पाचांपैकी एकाकडेही जोड किंवा तिच्यावरचे काही नाही, असे शंभरात सुमारे २३ वेळाच होते. उरलेल्या ७७ वेळा तुमच्या एक्क्याला कोणीतरी खाऊन बसलेला असतो. तोच एक्का, तीच पाने, गडी वाढले की किंमत उतरते. ब्लाइंड खेळणाऱ्याला चाल निम्म्या किमतीत पडते एवढाच त्याचा फायदा. त्याची पाने काही न पाहिल्याने सुधारत नाहीत.

आता दाजींच्या दोन एक्क्यांकडे येऊ. भाचीला सगळ्यात जास्त तेच मोजायचे होते, हे आमच्या लक्षात आले होते. कलर आणि त्यावरचे सगळे हात मिळून १,९१६. शंभरात नऊसुद्धा पुरे नाहीत. म्हणजे एक्क्यांची जोड शंभरातल्या एक्क्याण्णव हातांना भारी किंवा बरोबरीची. पाच गडी समोर असताना त्यांच्यापैकी एकाकडेही कलर किंवा वरचे काही नसण्याची शक्यता शंभरात सुमारे ६३-६४. दाजी मूर्खासारखे खेळले, असे आम्ही सगळेच वर्षभर म्हणत होतो. ते खरे नव्हते. पाने चांगली होती आणि ती घेऊन खेळणे चुकीचे नव्हते. वहीतला तो आकडा दाखवून भाची म्हणाली, "म्हणजे पप्पांचं चुकलं नव्हतं." आम्ही तिला म्हटले, पूर्ण तसेही नाही. पहिल्या चालीला चुकले नव्हते. पण चौघे पॅक झाल्यावर पाचवा सोडत नाही, उलट वाढवतोच आहे, हीसुद्धा एक माहिती असते. रिकाम्या हाताचा माणूस सहसा इतका वेळ बसत नाही. दर चालीला हिशेब नव्याने करावा लागतो, पहिल्या चालीचा हिशेब शेवटच्या चालीला चालत नाही.

यावर तिने विचारले, "पण मामा, काका रिकाम्या हातानेही तसाच बसला असता ना? त्याच्याकडे पैसे होते." (आमच्या चुलतभावाला ती काका म्हणते. नात्याने मामा, पण लहानपणापासूनची सवय.)

आम्ही गप्प झालो. या सबंध लेखातली खरी गोष्ट तीच आहे.

धरा की खेळ अगदी सरळ आहे. फसवणूक नाही, दोघांना पाने सारखीच पडतात, दोघांची अक्कल सारखी. एकाच्या खिशात पाचशे, दुसऱ्याच्या खिशात अडीच हजार. सारख्या रकमेच्या चाली लावत, एकाचा खिसा रिकामा होईपर्यंत खेळायचे. कोण रिकामा होईल? सहांत पाच वेळा पाचशेवाला. आमचा यावर विश्वास बसेना, तेव्हा भाचीने उलटे करून दाखवले. सहा रात्री खेळला. पाच रात्री पाचशे-पाचशे हरला, अडीच हजार गेले. सहाव्या रात्री समोरच्याचे अडीच हजार जिंकला. जमाखर्च बरोबर, कोणावर अन्याय नाही. खेळ सरळ असेल तर हिशेब असाच जुळला पाहिजे, दुसऱ्या कुठल्याही प्रमाणात तो जुळत नाही.

पण सहा रात्री कोणाकडे असतात? पहिल्याच रात्री पाचशे गेले की माणूस उठतो, कारण पुढच्या रात्रीचे पाचशे त्याच्याकडे नसतात. ते रेशनचे असतात, फीचे असतात, गावी पाठवायचे असतात. मोठ्या खिशाचा माणूस चार डाव हरून पाचव्याला बसू शकतो, चाल वाढवून समोरच्याला चांगल्या पानांसकट उठवू शकतो. त्याच्या मनात तसे काही नसले तरी खेळच तसा होतो. आमच्या चुलतभावाच्या मनात काही नव्हते, हे आम्ही छातीवर हात ठेवून सांगतो. तरी झाले ते झाले.

पैशांचे हे गणित काही आजचे नाही. १६५४ साली फ्रान्समध्ये पास्कल आणि फर्मा या दोन गणितज्ञांनी एकमेकांना पत्रे लिहिली. प्रश्न जुगाऱ्यांचाच होता. खेळ अर्ध्यावर मोडला तर मधले पैसे कोणाला किती द्यायचे? त्या पत्रव्यवहारापासून शक्यतेचे शास्त्र उभे राहिले. पुढे विम्याचे हप्तेसुद्धा त्याच शास्त्रावर ठरू लागले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमीच्या एका खटल्यात असा निवाडा दिला की रमीत मुख्यतः कौशल्य लागते, ती निव्वळ नशिबाची नाही, आणि त्याच निवाड्यात तीन पानांचा खेळ मात्र निव्वळ नशिबाचा म्हटला आहे. तीन पत्तीत आपण फार हुशार आहोत, असे समजणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे ध्यानात घ्यावे.

अड्ड्यावर तर याहून वाईट. तिथे दर डावामागे अड्डेवाला आपला हिस्सा काढतो. सहाजण पाचशे-पाचशे घेऊन बसले, मध्ये तीन हजार. दर डावाला शंभर रुपये जमले आणि त्यांतले पाच त्याने काढले, तर सहाशे डावांनंतर चटईवर एक रुपया उरत नाही. जिंकले कोण? कोणीच नाही. मोबाइलवरच्या पैशांच्या पत्त्यांतही हिस्सा असाच काढला जात होता आणि डाव चटईपेक्षा कितीतरी भराभर होत. अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. त्याआधी आमच्याच चाळीत दोन पोरांनी पगार घालवले, म्हणून लिहिले.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत. पैसा जातो, चारचौघांत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र तुच्छ मानतात, सोयरीक जुळत नाही, हे त्यांत आहेच. पण यादीतला पहिला तोटा हरणाऱ्याचा नाही. तो जिंकणाऱ्याचा आहे, की त्याच्या वाट्याला वैर येते. आम्ही ते सुत्त विहारात अनेकदा ऐकले होते. आमचा चुलतभाऊ ते पैसे परत घेऊन दारात उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा पाहून ते आम्हाला पहिल्यांदा कळले.

मग काय, पत्ते बंद करायचे? आमच्या आईचे म्हणणे तसेच होते. पण वर्षातून चार रात्री सगळे एका चटईवर बसतात, तेवढेही गेले तर एकेकजण आपापला मोबाइल घेऊन भिंतीकडे तोंड करील. तेव्हा असे ठरले आहे. खेळ चिंचोक्यांवर. प्रत्येकाला पन्नास, मालकाला आणि कामगाराला सारखेच. संपले की उठायचे, उसने द्यायचे नाहीत, घ्यायचे नाहीत. ब्लाइंड तीन चालींच्या पुढे नाही. एका डावात मध्ये साठ चिंचोके झाले की पाने दाखवायचीच, मग हातात काहीही असो. भाचीने हे सगळे वहीच्या शेवटच्या पानावर लिहून आमची सर्वांची सही घेतली. चुलतभावाने पहिली सही केली.

खिसे सारखे झाले की खेळ कसा बदलतो ते आम्ही गणपतीच्या सुट्टीत एका रात्री करून पाहिले. आमच्या सौ., ज्या आजवर पहिल्या चालीलाच पॅक होत असत, त्या नुसत्या राणीवर तीन गड्यांना उठवून बसल्या. पैसे जाण्याची भीती नसली की त्या काय करतील, याचा अंदाज इतक्या वर्षांत आम्हाला आला नव्हता. आई तर पाने न पाहताच चाल देते आणि जिंकली की सगळ्यांना दाखवते.

ते चार हजार दोनशे अजून डब्यातच आहेत. दाजी घेत नाहीत, चुलतभाऊ घेत नाही. आईने एकदा भाचीच्या हातात ठेवले, तर तिने बारावीची फी भरताना मागेन म्हणून परत दिले, आणि ती वेळ आली तेव्हा मागितले नाहीत.

दिवाळीला येणार की नाही, हे दाजींनी परवापर्यंत सांगितले नव्हते. परवा रात्री त्यांचा फोन आला. प्रकृतीचे, पावसाचे बोलून झाले. मग म्हणाले, "चिंचोके कच्चे ठेवा. भाजलेले असले तर पोरं खेळाआधीच खाऊन टाकतात."